हिवाळ्याची मरगळ आणि सकाळचा उजेड

सुरुवात झोपेपासून होते. ऑक्टोबर सरता सरता गजर ऐकू येतो, पण अंग हलत नाही. नऊ तास झोपूनही डोळ्यांवर झापड असते आणि दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. मग भूक बदलते. गोडधोड, मऊ, पोट भरून टाकणारं काहीतरी हवं असतं, तेही अंधार पडल्यावर. त्यानंतर लोकांचे फोन उचलणं जड जायला लागतं. उदासी सगळ्यांत शेवटी येते, नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि आली की आधीच्या सगळ्या खुणांना 'आळस' हे एकच नाव देऊन मोकळी होते.

मी राहते त्या अक्षांशावर ऐन डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, आणि त्यातलाही बराचसा ढगाळ. तरी कितीतरी हिवाळे ऋतूचा संशय मनाला शिवला नव्हता, कारण दर वर्षी दुसरं एखादं कारण हजर असायचं. कधी ऑफिसातली उलथापालथ, कधी घरातलं आजारपण, कधी नुसतीच चाळिशी. मला रोज दोन-चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे. एका उन्हाळ्यात कपाट आवरताना जुन्या वह्या ओळीने हाती लागल्या. नोव्हेंबरात ओळी आखूड होत गेलेल्या, डिसेंबर-जानेवारीची पानं कोरी, मार्चअखेरीस अक्षर पुन्हा ऐसपैस. एका वहीत असं असतं तर सोडून दिलं असतं. सगळ्याच वह्यांत होतं.

त्या वह्या घेऊनच डॉक्टरकडे गेले. डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासायला सांगितलं: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व. यातलं काहीही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच मलूल होतो, त्यामुळे ते बाजूला काढल्याशिवाय ऋतूवर खापर फोडण्यात अर्थ नाही, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "उन्हाळ्यात कशा असता?" उन्हाळ्यात मी ठणठणीत असते. "कधी उलटं झालंय का? झोप न घेताही भरपूर उत्साह, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले, असं?" नाही. हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. कारण पुढे कळलं: ज्यांना बायपोलर विकार आहे त्यांना प्रखर उजेडाच्या उपचाराने उन्मादाची लाट येऊ शकते, म्हणून त्यांनी तो देखरेखीशिवाय करायचा नसतो. शेवटचा प्रश्न त्यांनी सरळ विचारला. जीव द्यावासा वाटतो का? मी म्हटलं, "मरावंसं वाटत नाही, पण उठावंसंही वाटत नाही." त्या म्हणाल्या, "यातलं पहिलं उत्तर बदललं, तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी यायचं, नाहीतर कुणाला तरी सांगायचं. रात्र असली तरी."

गोळ्यांचा विषयही निघाला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत हिवाळी नैराश्याच्या रुग्णांच्या एका गटाला प्रखर दिवा आणि दुसऱ्याला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं गेलं. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत सुमारे दोन तृतीयांश लोकांना सारखाच फरक पडला होता. त्यामुळे माझ्यासारख्या मध्यम त्रासाच्या माणसाने दिव्यापासून सुरुवात करायला हरकत नाही, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर गोळ्या घेऊ, असं ठरलं. मला ही बोलणी आवडली. 'नैसर्गिक' उपायांच्या नावाखाली औषधांना नाक मुरडणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांच्यात जाऊन बसायची माझी तयारी नव्हती.

या आजाराला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर', म्हणजे ऋतूनुसार येणारं नैराश्य, हे रीतसर नाव मिळालं ते 1984 साली. नॉर्मन रोझेन्थाल हे मनोविकारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आले, तिथल्या हिवाळ्यात आपली ताकद ओसरते आणि वसंतात परत येते हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं, आणि पुढे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अशा रुग्णांचं वर्णन आणि प्रखर उजेडाचा उपचार प्रसिद्ध केला. पण अनुभव त्याहून जुना आहे. 1898 साली 'बेल्जिका' हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं आणि दोनेक महिने सूर्य उगवलाच नाही. खलाशी सुस्त, खिन्न, काही तर भ्रमिष्ट झाले. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी त्यांना उघड्या अंगाने धगधगत्या आगीसमोर बसवायचा उपचार सुरू केला. सूर्य नाही तर निदान आग. शेकोटीचा उजेड त्या कामाला कितीसा पुरला असेल कोण जाणे, पण अंधारातल्या माणसाला काय कमी पडतंय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

किती उजेड पुरतो, हे मला मोजल्यावरच पटलं. मोबाइलवर प्रकाश मोजायचं एक फुकट ॲप मिळतं. आकडा काटेकोर नसतो, पण अंदाज येतो. माझं कामाचं टेबल, ज्याला मी 'छान उजेडाचं' म्हणत होते, तिथे दोनशे लक्सच्या आतबाहेर (लक्स हे उजेड मोजायचं एकक). खिडकीला अगदी चिकटून उभं राहिलं तर हजाराच्या जवळपास. आणि बाहेर, आभाळ राखाडी असताना, अंगणात तीन हजारांच्या वर. निरभ्र उन्हाळी दुपारी हाच आकडा लाखापर्यंत जातो. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण तो जुळवून घेण्यात पटाईत आहे. मिणमिणत्या खोलीतही तो वाचायला लागतो आणि आपल्याला वाटतं, पुरेसं आहे. पण डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात ज्यांचं काम प्रतिमा दाखवणं हे नव्हेच. त्या निळसर उजेड टिपतात आणि मेंदूतल्या घड्याळाला 'दिवस उगवला' असा निरोप देतात. तो निरोप क्षीण असला की घड्याळ मागे पडतं. मेलाटोनिन हे रात्री झोप आणणारं संप्रेरक सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं, आणि आठ वाजता ऑफिसच्या मीटिंगला बसलेल्या माणसाच्या शरीरात पहाटेचे पाच वाजलेले असतात. हिवाळी नैराश्याचं हे एकमेव स्पष्टीकरण नाही, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचाही त्यात हात असल्याचं मानतात. पण मला लागू पडलं ते हेच.

मेणबत्त्यांबद्दल एक वाक्य. हिवाळ्यात मन प्रसन्न ठेवायला मेणबत्त्या लावा असं सांगणाऱ्या लेखांना तोटा नाही. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स भरतो. मी लावते, बरं वाटतं, पण त्याला उपचार म्हणू नये.

दिवा घेताना डॉक्टरबाईंनी पाहायला सांगितलेल्या गोष्टी मोजक्या होत्या. दहा हजार लक्सचा दावा किती अंतरावरचा आहे ते वाचायचं, कारण दोन फुटांवर दहा हजार देणारा दिवा वेगळा आणि सहा इंचांवर देणारा वेगळा. अतिनील किरण गाळलेले असले पाहिजेत. पटल मोठं हवं, म्हणजे मान थोडी हलली तरी उजेडातून बाहेर जात नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी, मधुमेहामुळे डोळ्यांवर परिणाम झालेल्यांनी, किंवा उजेडाला त्वचा हळवी करणारी औषधं चालू असलेल्यांनी आधी विचारायचं. आणि वेळ सकाळची: उठल्यापासून तासाभरात, अर्धा तास. संध्याकाळी लावला तर झोप उडते आणि घड्याळ आणखी मागे जातं.

अर्धा तास म्हणजे काहीच नाही असं ऐकताना वाटतं. पहाटेच्या काळोखात, अंथरूण ऊबदार असताना, तो अर्धा तास डोंगराएवढा होतो. सगळ्या उपायांची गोम इथेच आहे. या आजारात पहिल्यांदा जाते ती इच्छाशक्ती, आणि सगळे उपाय नेमके तीच मागतात. म्हणून मी ठरवलं की सकाळी ठरवायचं असं काही ठेवायचंच नाही. दिवा टेबलावर कायमचा मांडला, पलंगापासून हात लांबवून लागेल असा नव्हे, तर जिथे सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र आपसूक होतं तिथे. बाजूला, थोडा तिरका. त्याच्याकडे टक लावून पाहायचं नसतं. डोळे उघडे ठेवून आपलं काम करायचं असतं. त्याचं बटण आपोआप चालू-बंद करणाऱ्या टायमरला जोडलं, म्हणजे मी पोचेपर्यंत तो लागलेला असतो. शयनगृहात पहाटेसारखा हळूहळू उजळत जाणारा एक छोटा दिवा ठेवला. त्याने नैराश्य जातं असा माझा दावा नाही, काही अभ्यासांत अशा कृत्रिम पहाटेचाही उपयोग दिसला आहे इतकंच. माझ्यापुरतं सांगायचं तर गजराने दचकून उठणं थांबलं, आणि एवढ्यासाठीही तो मला प्रिय आहे.

पहिले काही दिवस डोकं दुखलं. दिवा थोडा मागे सरकवला, वेळ कमी करून वाढवत नेली, आणि दुखणं गेलं. मनाच्या बाबतीत पहिला आठवडा सपाट. दुसरा सरता सरता एक बारीकसा बदल कळला: दुपारी तीनची पेंग आली नाही. उदासी होतीच, पण तिच्याखाली थोडी जमीन लागली. गोडाची ओढ त्यानंतर ओसरली. मन सगळ्यांत शेवटी उजळलं. ज्या क्रमाने सगळं आलं होतं त्याच क्रमाने ते गेलं, आणि हा क्रम माहीत असल्यामुळे पुढच्या हिवाळ्यांत मी दिव्याकडून चौथ्या दिवशी आनंदाची अपेक्षा करत नाही. मधे एकदा प्रवासात दिव्याला खंड पडला तर आठवडाभरात झापड परत हजर. हा उपाय साठत नाही. रोजचा रोज करावा लागतो.

चालण्याचं मात्र दिव्यासारखं सोपं नव्हतं. राखाडी आभाळाखालीसुद्धा घरापेक्षा दहापट उजेड असतो हे कळूनही पाय दाराबाहेर पडत नव्हते. इथे मैत्रीण कामी आली. मी तिला ऑक्टोबरात, डोकं ठिकाणावर असताना, सांगून ठेवलं, "येतेस का असं मला विचारायचंच नाही. विचारलंस की मी नाही म्हणणार." ती विचारत नाही. कामाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत फोन करते आणि म्हणते, "खाली उभी आहे. बूट घाल." एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, पाऊस आहे." ती म्हणाली, "मला दिसतोय, मी त्यातच उभी आहे." अशा माणसासमोर नैराश्याचं फारसं चालत नाही. आम्ही फार वेगाने चालत नाही आणि माझ्या मनाबद्दल तर मुळीच बोलत नाही. तिच्या सासूबाईंबद्दल बोलतो. सकाळी जमलं तर सोन्याहून पिवळं, पण आमच्या दोघींच्या कामाच्या वेळांत दुपारच बसते, आणि न झालेल्या सकाळपेक्षा झालेली दुपार बरी.

बाहेरच्या उजेडाचा आणि ड जीवनसत्त्वाचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, म्हणून थोडं सांगते. मनाच्या घड्याळाला लागतो तो दिसणारा उजेड, आणि तो डोळ्यांतून जातो. ड जीवनसत्त्व बनतं त्वचेत, अतिनील-ब किरणांमुळे. हे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, उपचाराच्या दिव्यात मुद्दाम गाळलेले असतात, आणि उत्तरेकडच्या हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की बाहेर उभं राहूनही ते पुरेसे मिळत नाहीत. माझं ड जीवनसत्त्व कमी निघालं, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत ते घेतलं, आणि हाडांसाठी ते घ्यायलाच हवं होतं. मनाला त्याने किती मदत केली ते मी सांगू शकत नाही, कारण त्याच सुमारास बाकी सगळंही सुरू केलं होतं. अभ्यासांतही याबद्दल एकमत नाही. मनाने ठरवून मोठ्या मात्रा घेऊ नयेत. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

एका ओळखीच्या बाईंनी सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा अर्क सुचवला. "झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार?" सौम्य नैराश्यात त्याचा उपयोग होतो असे अभ्यास आहेत, हे खरं. पण हीच वनस्पती यकृतातली औषधं पचवणारी यंत्रणा वेगवान करते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधं यांचा परिणाम घटतो. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. वर उजेडाला त्वचा हळवी होते ती वेगळीच. रोज दहा हजार लक्ससमोर बसणाऱ्या बाईने तेच नेमकं घ्यावं, हे मला पटलं नाही. बाईंना मी "बघते हं" म्हटलं.

संध्याकाळचं थोडक्यात. नऊनंतर घरातले वरचे दिवे बंद, कोपऱ्यातला पिवळा तेवढा चालू. मोबाइल बाहेरच्या खोलीत. उठायची वेळ रविवारीही तीच, आणि हा नियम मला आजही आवडत नाही. मद्याबद्दल डॉक्टरबाईंनी एकाच वाक्यात सांगितलं की त्याने झोप लागते पण टिकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. गोड खाण्यावर बंदी घातली नाही. सकाळच्या न्याहरीत प्रथिनं वाढवली, तेवढ्याने संध्याकाळची वखवख जरा आवरली.

दुसऱ्या हिवाळ्यात मी समुपदेशकाकडे जायला लागले, ते एका अभ्यासामुळे. केली रोहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 177 रुग्णांना दोन गटांत विभागलं: अर्ध्यांना दिवा, अर्ध्यांना विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, सहा आठवडे. त्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सुधारले. दोन हिवाळ्यांनंतर मात्र दिव्याच्या गटात साधारण 46 टक्क्यांना नैराश्य परत आलं होतं आणि दुसऱ्या गटात 27 टक्क्यांना. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. दिवा लावायचा कंटाळा येतो आणि लोक सोडून देतात. शिकलेलं सोडता येत नाही.

समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत माझं एक वाक्य पकडलं. "हिवाळा सुरू झाला की माझं वर्ष संपतं." ते म्हणाले, "म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही काय काय बंद करता, त्याची यादी करा." यादी लांब निघाली. गाण्याचा क्लास, पोहणं, शेजारणीकडचा पत्त्यांचा डाव, बागकामाची पुस्तकंसुद्धा. त्रास व्हायच्या आधीच, त्रास होणार म्हणून, मी सगळं आवरून ठेवत होते, आणि मग रिकाम्या घरात उदास वाटण्यात नवल ते काय. ते म्हणाले, "हुरूप येईल मग करू असं म्हणू नका. आधी करा. हुरूप मागून आला तर आला." त्यांच्या सांगण्यावरून मी आता सप्टेंबरातच हिवाळ्याचा क्लास पैसे भरून लावते आणि पत्त्यांचा डाव माझ्या घरी ठेवते. स्वतःच्या घरी पाहुणे येणार असले की दार उघडावंच लागतं.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये जवळपास दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही, तरी तिथले लोक हिवाळ्याकडे आवडीने पाहतात, असं कारी लाइबोविट्झ या मानसशास्त्रज्ञांना आढळलं. ते वाचून माझी पहिली प्रतिक्रिया चिडीची होती: म्हणजे आता उदास असणं हाही दृष्टिकोनाचा दोष! समुपदेशक हसले. म्हणाले, दृष्टिकोनाने घड्याळ पुढे येत नाही, पण उजेडाने घड्याळ पुढे आलं की दृष्टिकोनाला जागा होते. त्याच नॉर्वेत रयुकान नावाचं गाव आहे, डोंगरांमध्ये इतकं खोल की हिवाळ्यात सहा महिने सूर्य पोचत नाही. तिथल्या लोकांनी नुसता दृष्टिकोन बदलला नाही. 1928 साली वर उन्हात जाता यावं म्हणून रोपवे बांधला आणि 2013 साली डोंगरावर मोठाले आरसे बसवून चौकात ऊन उतरवलं. मी आपली रयुकानवाल्यांच्या बाजूची.

आता हे सगळं किती चालतं, तर बरंच चालतं, पूर्ण चालत नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबर आता जमतात. वहीची पानं कोरी राहत नाहीत. फेब्रुवारी अजून अवघड जातो. दिवस मोठा होत असतो, सगळे वसंताच्या गोष्टी बोलत असतात, आणि मी मात्र थकलेली असते. डॉक्टरबाईंचं म्हणणं असं की दिवस वाढताना दिसला की लोक दिवा आधीच सोडतात, तुम्ही एप्रिल लागेपर्यंत सोडू नका, आणि फेब्रुवारीची एक भेट आत्ताच ठरवून ठेवा. भेट ठरवली आहे. मैत्रिणीलाही कळवलं. ती म्हणाली, "मग फेब्रुवारीत बूट दाराबाहेरच ठेव, म्हणजे मीच ते हातात देईन."